बोटभर रेघ

तळ्यावर बर्फ अठरा इंच.
वर्नर सालमीनं भोक पाडून मोजलं, टेप पुसून खिशात ठेवली,
जणू कुणाचा ताप बघून थर्मामीटर ठेवावा.
उणे बावीस. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्यात.
शेरीफच्या लिलावात घेतलेली रडारची बंदूक
तो कोटाच्या आत धरून ऊब देतोय.

एकोणतीस हिवाळे मी शाळेची बस चालवली.
काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ दिला नाही,
आई दवाखान्यात होती त्या दिवशीसुद्धा.
आता मला तासाला शंभर मैल हवेत.
एकदाच. या तळ्यावर.
साक्षीला वर्नर पुरे.

गेल्या शनिवारी ब्याण्णव.
मी म्हटलं, गिअर उंच करू, वरचं चाक चोवीस दाती टाकू.
कागदावर हिशोब एकशेनऊ सांगत होता.
कागदाला वारा लागत नाही.
परवा अठ्ठ्याऐंशी.

वर्नर काही बोलला नाही.
क्लचचं झाकण उघडून त्यानं आतल्या तबकडीवर
काळ्या मार्करनं रेघ ओढली, मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत,
पोरीच्या केसांत भांग पाडावा तशी सरळ.
"जाऊन ये," म्हणाला.

क्लच म्हणजे दोन उतरत्या भिंती आणि मध्ये रबरी पट्टा.
इंजिन तापलं की वजनं बाहेर झेपावतात, भिंती जवळ येतात,
पट्ट्याला खाली जागा उरत नाही
म्हणून तो वर चढतो.
कोंडीत सापडून वर चढलेली माणसं
मी तरी फार पाहिली नाहीत.

परत आले. जळक्या रबराचा वास.
पट्टा जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली,
आणि वर बोटभर तशीच,
काळी, ताजी, कुणी हातही न लावलेली.
वर्नरनं नखानं टकटक केलं.
"हे बघ तुझे एकवीस मैल. कुठे गेले नव्हते."

रात्री त्याच्या गॅरेजात साखळीची पेटी खोलली.
तेल मार्गारिनच्या डब्यात. चोवीसचं चाक बाकावर.
"आता बावीस," तो म्हणाला.
कमी? वेगासाठी?
"जड ताट दिलंस त्याला. उचलता येईना, खाणार काय?"
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
आम्ही दोन दात कमी करत होतो,
आणि हे सांगणाऱ्याचे पुढचे दोन
चौसष्ट साली हॉकीत गेलेले.

मग वजनं. आर्लीनच्या बेकिंगच्या काट्यावर,
ज्याच्या कडेला कालच्या पावाची वेलची चिकटलेली.
तिन्हींतून दोन-दोन ग्रॅम. तीन-चार मनुकांएवढा फरक.
फेऱ्या आठ हजार दोनशेवर टिकायला हव्यात,
खाली आल्या की ते कण्हतं, वर गेल्या की नुसतं ओरडतं.
मधोमध एक जागा आहे जिथे ते गप्प राहून ओढतं.
बसमध्ये मागच्या बाकावरची मुलंही अशीच.

आज सकाळी नवी रेघ.
किनाऱ्यावरची झोपडी, मासे धरणाऱ्यांचे तंबू,
मग नुसतं पांढरं, आणि हँडलमधून मनगटात चढणारी
एकच बारीक थरथर. डोळ्यांतलं पाणी
कानाकडे गेलं आणि तिथेच गोठलं.

अठ्ठ्याण्णव.
वर्नरनं हातमोज्यातली बोटं दाखवली, मग विसरला
की बोटं दहाच असतात, आणि ओरडून सांगितलं.

झाकण उघडलं. रेघ कडेपर्यंत पुसलेली.
धूळसुद्धा नाही.
आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण मी उगाच नखानं कड चाचपत राहिले,
परवा जिथे ती बोटभर काळी होती तिथे.

"तेवीस टाकून बघायचं का?"
वर्नरनं मार्करचं टोपण दातांनी काढायला बघितलं.
दात नव्हते. मी काढून दिलं.