हातचा एक

हलमध्ये हेसल रोडवर दुपारी तीनलाच दिवे लागले होते.
क्लाइव्ह थॅकरेंनी दार उघडलं, पाय पुसा म्हणाले,
आणि आतून लॅपटॉप आणला
लोकरीच्या विणलेल्या खोळीत.
ऐंशी, म्हणाले.
मी साठ म्हटलं, कारण बिजागरी किरकिरत होती
आणि पंखा असा घोंघावत होता
की त्यांनी स्वतःच एकदा वळून खिडकीबाहेर पाहिलं.
पासष्टला जमलं.
नोटा त्यांनी दोनदा मोजल्या.
मग लॅपटॉप खोळीतून काढला,
खोळीची घडी घातली, चौपदरी,
आणि मांडीवर ठेवून म्हणाले,
ही नाही हं. ही मॉरीनची.
मी म्हटलं, अर्थातच.
सुपरमार्केटच्या पिशवीतून तो घरी आणला,
हंबरवरचा वारा वाटभर पिशवीचे कान ओढत होता.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी
जुनी बॅटरी कधी वापरली नसावी.
चाळीस टक्क्यांवरून एकदम शून्य.
सुरू व्हायला इतका वेळ
की चहा होई, गाळून होई, अर्धा पिऊन होई
आणि पडद्यावर तेच गरगरतं वर्तुळ.

नवी डिस्क एकवीस पौंड,
मेमरी, तीही कुणीतरी वापरलेलीच, चौदा,
बॅटरी अठ्ठावीस.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आई असती तर म्हणाली असती.
नसती म्हणाली, तरी मी तिच्या तोंडी घातलं असतं.

रविवारी प्रयोगशाळेला सुट्टी.
अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात अकरा स्क्रू,
जो जिथला तो तिथे, बारावा कप्पा मोकळा.
झाकण आधी नखाने, मग लायब्ररीच्या जुन्या कार्डाने
कडेकडेने सोडवत नेलं.
टक् असा आवाज झाला
आणि माझ्या पोटात गोळा.
काही तुटलं नव्हतं.

आत बिस्किटाचा चुरा, राखी धूळ,
आणि पंख्याच्या आसाला
तीन वेढे, कदाचित चार,
डाळिंबी लोकरीचा धागा.
चिमट्याने सोडवताना श्वास धरला,
काचेवर रक्ताचा थेंब पसरवताना धरते तसा.
ती विणत असणार,
हा शेजारी उघडा, पडद्यावर नमुना,
दोन सुलट एक उलट,
आणि हवा ओढता ओढता याने
गुंड्यातून एवढं ओढून घेतलं.
मग घोंघावत राहिला, वर्षानुवर्षं.
त्या घरात तो आवाज
कशाचा म्हणून ओळखला जात असेल?

पासष्ट पौंडांत हा धागाही धरला होता का?

मेमरी अंगठ्यांनी दाबल्यावर खाचेत बसली.
जुनी डिस्क हाताला जड लागली.
पुसून दिलीय, ते म्हणाले होते.
कशाने, असं मी विचारलं
तर म्हणाले, फडक्याने.
ती मी न बघता पाकिटात घातली, धागाही त्यातच.
पत्ता लिहिलाय.
तिकीट अजून लावलेलं नाही.

आता सोळा सेकंदांत उठतो.
पंखा चालू आहे का, कान लावून बघावं लागतं.
कळांवरचा ई पुसलाय, एन अर्धा,
डावीकडे जाणारा बाण तर पार गुळगुळीत.
मला काय त्याचं.
माझी अक्षरं तशीही या कळांवर
कुणी छापलेली नव्हती.
पहिल्यांदा ळ उमटवून पाहिला.
उमटला.

सोमवारी अंड्यांचा खोका रद्दीत टाकायला उचलला
तर आत काहीतरी खुळखुळलं.
एक स्क्रू.
कुठला, ते पुन्हा खोलल्याशिवाय कळायचं नाही,
आणि चालतंय तोवर कोण खोलतंय.
शाळेत बेरजेच्या वर, कोपऱ्यात बारीक अक्षरात
लिहून ठेवायचो,
तसा तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलाय.
हातचा एक.