उरलेली हवा

लाँग्टनच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या खिडकीबाहेर एक जुनी भट्टी आहे, बाटलीच्या आकाराची.
तिच्या तोंडातून आता धूर येत नाही, गवत येतं.
मंगळवारी नऊ-वीसला मिसेस डोरीन ब्लोर येतात,
लिफ्टनेच, तरीही खुर्चीत टेकून
आधी जरा दम खातात.

दम खातात, हे मी मनात म्हणते.
त्यांच्या भाषेत नुसता श्वास आहे, आत आणि बाहेर.
आमच्यात दम लागतो, निघतो, धरवत नाही,
दुसऱ्याला देताही येतो, आणि मग तो गप्प बसतो.

"बरी आहेस ना, डक?"
इथे सगळ्यांनाच डक म्हणतात. पहिल्या आठवड्यात
मी घरी जाऊन आरशात माझी चाल पाहिली होती.

नाकाला चिमटा. तोंडात पुठ्ठ्याची नळी,
माझ्या आत्याच्या फुंकणीएवढी, फक्त पलीकडे चूल नाही.
घ्या, घ्या, अजून घ्या.
बरगड्यांखालचा घुमट सपाट होत खाली बसतो.
हवेला कुणी ओढत नाही, नुसती जागा करतो आपण,
आणि ती येते:
नाकात ओली होऊन, कोमट होऊन,
श्वासनलिकेच्या कड्यांमधून, ज्या मागून उघड्या आहेत,
कारण तिथून घास उतरायचा असतो.
मग फाटा, फाट्याला फाटा, वीस-बावीस वेळा,
उजवीकडे तीन खण, डावीकडे दोनच,
शेजारी हृदय राहतं म्हणून थोडं अंग चोरून.
शेवटी ते बुडबुडे. सगळे उसवून अंथरले
तर या मजल्यावरच्या चार खोल्या झाकतील.
रक्त आणि हवा यांच्यामध्ये तिथे जे असतं
त्याला भिंत म्हणणं म्हणजे फारच झालं.

तिथे बशा आहेत.

पंधराव्या वर्षापासून एकतीस वर्षं
सुकलेल्या बशांच्या कडा घासायचं काम.
पांढरी धूळ भुवयांवर, केसांत, डब्यातल्या पावावर.
हवा खेचणारे पंखे होते, चालू असले की चालायचे.
"मी घरात शिरले की कुत्रा शिंकायचा."
जाड कण नाकातच अडकतात, मधले
केसाळ पेशी ढकलत ढकलत वर आणून सोडतात,
झाडलोट चालूच असते, झोपेतसुद्धा.
अगदी बारीक असतो तो तळापर्यंत जातो.
त्याला गिळायला एक पेशी धावते, गिळते, मरते,
आणि तो पुन्हा मोकळा, दुसरीची वाट पाहत.
देशभर लोक त्या बशीत ओतून चहा प्यायले असतील.

आता सोडा! फुंका, फुंका, फुंका,
थांबू नका, अजून, अजून थोडं
(चार, पाच, मी मराठीत मोजते)
चेहरा लाल, मग जांभळट, पडद्यावरची रेघ
चढता चढता आडवी होते.
सहा.

"सगळी गेली," त्या म्हणतात, टेबल धरून. "एक थेंब उरला नाही."

उरतो. हे मी त्यांना सांगत नाही, पुढे रांग आहे.
कितीही फुंकलं तरी छातीत लिटरभर तरी हवा राहते,
ती माझ्या यंत्राला दिसत नाही.
तिच्यामुळे बुडबुडे चिकटून मिटत नाहीत.
आत्या चुलीपुढे खोकत बसायची
तिची कुणी मोजली नाही, ना गेलेली ना राहिलेली.

"किती आले, डक?"
एक पूर्णांक एक. मागच्या वेळी एक पूर्णांक तीन होते.
मी कागद त्यांच्या हातात देते.
त्या आकड्यांकडे बघतच नाहीत.
सवयीने कागद उलटा करतात,
इथली माणसं कुठलाही कप उलटा करून
तळाला कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघतात तसा,
आणि कोऱ्या बाजूवरून
अंगठा फिरवतात, कडेपर्यंत.