बाहेरून येणारे : बंद

खेळ मांडतानाच मी ती खूण काढून टाकली :
स्थलांतरितांना येऊ द्यायचं का? नाही.
डोंगराच्या पोटात सात बुटके,
एक कुऱ्हाड, दोन शेळ्या, अळंब्यांचं बी.
आता जे वाढेल ते इथलंच, म्हटलं,
जन्मानं. सावकाश.

टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये माझी रात्रपाळी.
भिंतीपलीकडं अठ्ठेचाळीस माग,
अलीकडं मालकाचा जुना कॉम्प्युटर आणि माझी वस्ती.
मार्चातच बेचाळीस. पाणी चार दिवसाआड.
बुटक्यांना मात्र विहीर पहिल्याच आठवड्यात खणून दिली.

पहिल्या वर्षी कुणी जन्मलं नाही.
दुसऱ्या वर्षी एक करडू.
नावं दिली होती आमच्या गल्लीतली :
भूदेवी खाणीत, पोशम भट्टीवर.
ती खाली उतरायची तेव्हा हा वर झोपायला.
खाटा शेजारी लावल्या, दाराला नक्षी केली,
भूदेवीला आवडतं म्हणून आलुबुखारची दारू पिंपभर गाळली,
तरी दोघांच्या नावापुढं एकच शब्द :
तोंडओळख.

इराप्पा जॉबर तेलाचे हात पुसत मागं येऊन उभा.
बराच वेळ बघितलं त्यानं.
"कामं कमी कर की त्यांची," म्हणाला.
"रिकामी बसली तर बोलतील. बोलली तर पुढचं."
आणि धागा तुटला म्हणून गेला.

मला आई आठवली.
गिरणीला टाळं लागलं त्या उन्हाळ्यात
बाबा पहिल्यांदा दिवसाउजेडी घरात दिसले तिला.
विडीची पानं भिजत घातलेली.
त्यांनी कात्री घेतली, पानं कापायला बसले,
ती तंबाखू भरत राहिली.
"लग्नाला सात वर्षं झालती," आई सांगते,
"तवा कळलं, ह्या माणसाला शीळ घालता येती."
टाळं निघालं नाही.
मी झालो पुढच्या फाल्गुनात.

मग मीही खाणीला टाळं लावलं.
दोन महिने कुणी काही खोदायचं नाही.
मोठं दालन, मध्ये लांब बाक, बस्स.
आधी सगळे नुसते फिरत राहिले,
रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून.
मग बसले.
मैत्री, असं झालं एका रात्री.
मग आणखी एक शब्द, तो मी दोनदा वाचला.
त्यांचे नऊ महिने माझ्या एका पाळीत मावतात.
पहाटे चारला बातमी आली : मुलगी.
इराप्पाला हाक मारली. मागांच्या आवाजात ऐकू गेली नसावी.

भूदेवी तिला पाठीला बांधून परत खाणीत.
पोर हाताशी यायला बारा वर्षं.
तोवर एक विहिरीत पडला,
दोघांना बोगद्यातल्या कशानं तरी नेलं.
सात होते, आठ झाले, पाच राहिले.
हिशोब मी गठ्ठ्याच्या पावतीमागं मांडून बघितला :
अशानं दालन भरायला दीडशे वर्षं.

आमचे ताता करीमनगरकडून आले होते,
धोटा धोतरात गुंडाळून.
त्यांच्या आधी कुणी, त्यांच्यानंतर किती.
साखर पेठेत एका नळावर चार भाषांत भांडण होतं
आणि चौघांनाही समजतं.
इथं कोण कुणाच्या पोटी वाढलं
ते शोधायला गेलो तर माझंच घर आधी लागेल.

तरी खूण मी बदलली नाही. हट्टानं.
पाच तर पाच.

तेवढ्यात वॉचमननं खिडकी वाजवली :
फाटकाशी कोणतरी आलंय, कलबुर्गीकडचं,
बायको, दोन पोरं, एक पत्र्याची पेटी.
मागावर बसलेला हाय म्हणतोय.
खेळ थांबवून मी किल्ली घेतली.

माणूस पगाराचं विचारेल असं वाटलं.
तो गप्पच. बाईनं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं,
आत मागांकडं बघितलं,
आणि विचारलं,
इथं पाणी कितव्या दिवशी येतं?

उद्या, म्हटलं मी. उद्या येतं.