दोन कागद, एक खिळा

सडबरीत, निकेलच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर
ओव्हिला शार्बोनोचं फ्रेमचं दुकान.
जानेवारी. बुटांवरचं मीठ दारातच झटकून
देनेज आत आली, काखेत कागदाच्या दोन गुंडाळ्या.

पहिली उलगडली : विद्यापीठाची.
लॅटिन अक्षरं, लाखेसारखा लाल शिक्का,
चार वर्षांचं तत्त्वज्ञान
आणि कर्ज, जे त्यावर कुठे छापलेलं नसतं.
दुसरी कॉलेजची. कागद जरा पातळ,
लोकांचे दात साफ करण्याचा डिप्लोमा.

‘म्हणजे आधी थोरली, मग धाकटी?’
पट्टी सरकवत ओव्हिलानं विचारलं.
‘घरीही असंच मोजतात,’ ती म्हणाली.
‘बाबांच्या लेखी युनिव्हर्सिटी म्हणजे टेकडीवरची इमारत,
कॉलेज म्हणजे बसचा शेवटचा थांबा.
पदवी मिळाली तेव्हा आत्यानं मटणाचे पाय केले होते,
अख्ख्या गल्लीला पुरले.
डिप्लोमा मिळाला तेव्हा फोन आला : पगार किती?’

पगार बरा होता.
पदवीवर तिनं दोन हिवाळे कॉफी ओतली,
‘असणं’ म्हणजे काय
हे एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही.

‘फरक काय गं, खरं सांग.’
तिनं काचेच्या कडेवरून बोट फिरवलं.
‘तिथे प्रश्न विचारायला शिकले.
इथे शिकवलं, आ केलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये.
मी तरी विचारते.
उत्तरं येतात घशातून,
नुसते स्वर, व्यंजनं नाहीत.
मला कळतात.’

तिच्या भाड्याच्या खोलीत
घरमालक एकच खिळा मारू देतो.
काच दोन्ही कागदांना सारखीच, असं ओव्हिला म्हणणार होता,
पण ते खरं नव्हतं;
टेकडीवरचे लोक महागातली मागतात.
त्याचं स्वतःचं सुतारकामाचं प्रमाणपत्र
पावत्यांच्या खणात, दुमडलेलं.

शेवटी त्यानं एकच चौकट केली,
दोन्हीकडून काच, कागद पाठीला पाठ लावून.
भिंतीकडे कुणाचं तोंड, ते तिचं तिनं बघावं.
‘दवाखान्यात का लावत नाहीस?’
‘पेशंट आडवे असतात. त्यांना फक्त छत दिसतं.’

मार्चमध्ये त्याची दाढ दुखली.
तो आडवा झाला.
छतावर ओल आलेली, कुठल्याशा बेटासारखी.
तोंडावर मास्क लावून ती वाकली,
हातात आकडा :
‘सांगा बघू, मी कुठली बाजू बाहेर ठेवली असेल?’

ओव्हिलानं आ केलेला होता.