दोन साबण

वाल्पराईसोच्या बंदरावरून वारा वर चढला
की जिन्यातले सगळे दरवाजे एकमेकांशी भांडतात.
अशाच वाऱ्यात तू आलीस, माईते,
हातात एक पिशवी, पायात उसने बूट,
आणि पहिलंच विचारलंस,
इथं गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?
मला तेव्हाच वाटलं, ही टिकेल.
बाकीच्या आधी पैशांचं विचारतात.

म्हणून तुला साबणाचं सांगितलं.
एक कामाचा. स्वस्त, लिंबाच्या वासाचा,
संपला तरी हळहळ नाही असा.
दुसरा घरचा. तो तुझा तू निवड.
त्याचा वास एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नसावा.
तू हसलीस. एकवीस वर्षांची, हसणारच.
आठवड्यानं बघते तर तुझ्या खिडकीत
बडीशेपेच्या वासाची वडी,
कागदात गुंडाळलेली, दागिना ठेवावा तशी.

नावाचंही तसंच. खाली तू कोराल.
कोरालला कुणी काहीही म्हणो,
ती खुंटीवरच्या कोटात राहते,
आणि तो कोट एकशे चौदा पायऱ्या चढून
आपल्या खोलीत आणायचा नाही.
रविवारी कोराल मेलेली असते.
आणि 'नाही' म्हणायचं ते नुसतं नाही.
कारण देऊ नकोस.
कारण दिलं की घासाघीस सुरू होते.

हे सगळं मी कशी ऐटीत सांगत होते,
सव्वीस वर्षांची अनुभवी रोसेंदा!
एक सांगायचं राहिलं:
कधी कधी कोट आपला आपण वर येतो.

जूनमधली ती रात्र. हाडं गोठवणारी.
आपलं ठरलेलं, काम संपलं की फोनच्या दोन रिंगा,
उचलायचा नाही, नुसत्या मोजायच्या.
दोन वाजले. अडीच.
मी घरातल्याच सपाता घालून उतरले,
हातात स्वयंपाकाची लाकडी पळी.
पळीनं काय केलं असतं, देव जाणे.

तू पलंगाच्या कडेला, पूर्ण कपड्यांत,
एका बुटाकडे बघत.
काही झालं नाही, म्हणालीस.
पैसे दिले, आभार मानले,
जाताना मुलीचा फोटो दाखवला.
माझ्याच वयाची आहे.
काही झालं नाही, रोसेंदा.

मी म्हटलं, हो.
काही न झाल्याचंही ओझं असतं. चल.
पायऱ्या मोजत वर आलो, सत्तरला थांबलो,
माझ्या गुडघ्यासाठी.
पाव, कुस्करलेला अवोकाडो, वर मीठ, कडक चहा.
रडायचंय तर रड, पण जेवून रड.
उपाशीपोटी रडलं की
रडू कुठलं नि भूक कुठली, कळत नाही.
तू दोन पाव खाल्लेस. मग रडलीस.
मग तिसरा मागितलास.

मंगळवारी दवाखान्यात नर्स ओतिलियानं
रक्त घेता घेता नेहमीचं विचारलं, झोप कशी आहे?
वर्षानुवर्षं मी सांगत आलेय, छान.
पण मागच्या बाकावर तू होतीस, कान देऊन.
तीन तास, मी म्हणाले. कधी दोन.
ओतिलियाची पेन्सिल थांबली.
माझ्या पहिल्या खऱ्या उत्तरासाठी
तिला कागदावर जागाच सापडेना.

आणि परतताना तू, सहज,
टेकडी चढणाऱ्या डब्याच्या खिडकीतून जहाजं बघत,
तुझ्या खोलीतही लिंबाचाच वास येतो, रोसेंदा.

खरंय.
माझा घरचा साबण कधी संपला, आठवत नाही.
नवा आणायचा राहिला,
मग राहिल्याचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी दाराशी गुलाबाची वडी, चिठ्ठीशिवाय.
इतका भडक वास, मला शिंकांवर शिंका.
चार दिवस वापरला, तुझं मन मोडू नये म्हणून.
पाचव्या दिवशी आरशात बघून म्हटलं, नाही.
नुसतं नाही.

सोमवारी उतारावरचं दुकान उघडलं की जाऊ.
मी सगळ्या वड्या हुंगणार आहे, एकेक करून,
दुकानदार ओरडला तरी.
तू फक्त माझी पिशवी धर.