आधी नाक, मग चाप

शिरोलीच्या शेडात पावणेआठला
कंप्रेसर दम लागल्यागत सुरू होतो.
काटा साडेसहावर आला की मी व्हॉल्व्ह बघतो, मग पोरं बघतो.
त्याच्या वर नाही. कुणी कितीही घाई करू दे.

आज नवा आलाय, हुपरीचा, तौफिक मुजावर.
घरात चांदीकाम. पैंजणाला एकेक रवा
चिमटीनं लावणारी बोटं.
मला आधी त्याची बोटंच दिसली.

ये. हे धर. तसं नको रं.
बोट चापावर कशाला?
फळी अजून टेम्पोतनं उतरली नाही.
बोट बाहेर, सरळ,
परगावच्या माणसाला रस्ता दाखवल्यासारखं.
आणि गनचं तोंड माणसाकडं नाही.
रिकामी आहे म्हणून नाही,
गंमत म्हणून तर नाहीच.

चष्मा घाल. घामानं धुकं येतं, येऊ दे.
थांबायचं, पुसायचं, परत घालायचं.

तालमीत गेलायस कधी?
पैलवान आधी हात मिळवतो, मग भिडतो.
हिचंही तसंच.
नाक लाकडाला टेकलं, दाबलं गेलं, मग चाप.
एक खिळा, की बोट सैल.
परत नाक, परत चाप.

डावा हात वीतभर लांब.
आंब्याच्या फळीत गाठ असते, वरनं दिसत नाही,
खिळा तिला भेटला की वळतो
आणि भावकीतल्या माणसासारखा
भलतीकडंच बाहेर निघतो.

अडकली तर वाकून बघायचं नाही.
आधी नळी काढ.
फुस्स झालं, की मग पान्याला हात लाव.

तो ऐकतो. मान हलवतो. मग विचारतो,
मामा, ह्या जुन्या गनच्या नाकावर
हे कातरल्यासारखं काय?

तार.

शुक्रवारी कंटेनर भरायचा होता,
जर्मनीला जाणारी पंपाची कास्टिंग,
आणि चाळीस खोकी कमी.
नाक दाबायला अर्धा सेकंद जातो.
चाळीस खोक्यांत असे अर्धे किती,
तो हिशोब मी केला. शाळेत कधी जमला नव्हता.
सळ्या बांधायची तार घेतली,
नाक मागं ओढून आवळलं.
कुणी सांगितलं नव्हतं. मालक पुण्यात होते.
पंचवीस खोकी झाली सुद्धा.
पोरं म्हणाली, मामा, नाद खुळा!

पलीकडं भैरू कुंभार फळी धरून.
मी वळलो. फक्त वळलो,
चहा आला एवढं सांगायला.
गन हातात, बोट चापावर.
आवाज नेहमीचाच झाला.
म्हणून मी सांगत राहिलो, चहा आलाय, चहा,
आणि भैरू खाली बघत होता,
गुडघ्याच्या वर, पँटीवर
एक चकचकीत टिकली.

रिक्षानं सीपीआरला. खड्डा आला की तोच म्हणायचा,
मामा, ओढू नका, डॉक्टरला काढू दे.
माझा हात त्याच्या मांडीभोवती.
माझ्या हाताला काही झालं नव्हतं.

आता कावळा नाक्याला त्याचं भडंगाचं दुकान आहे.
स्टुलावर बसतो, उठताना फळीला धरतो.
मी गेलो की पुडा बांधून देतो, शेंगदाणे जास्त,
पैसे घेत नाही.
त्यामुळं मी हल्ली उड्डाणपुलाखालनं लांबनं जातो.

तौफिक काही बोलत नाही.
फळी ठेवतो. हाताच्या वितेनं मोजतो. नाक टेकवतो.
थांबतो,
मला वाटतं जरा जास्तच थांबतो.
ठक्.
खिळा सरळ गेलाय. डोकं लाकडाबरोबर.
बोट सैल.

साडेबाराला भोंगा होतो.
सगळी डबे घेऊन नळाकडं पळतात.
तौफिक गन खाली ठेवतो
आणि आधी नळी काढतो. फुस्स.
जेवायला जातानाही काढायची,
हे मी सांगायचं राहिलं होतं.