सातवा अर्ज

प्रति,
मा. आमदार साहेब,
विषय : पाण्याबाबत.
म्हणजे नुसतं पाण्याबाबत नाही, पण
विषयाच्या ओळीत एवढंच मावतं.

महोदय,
सविनय कळवतो की
मी जॅकार्डची कार्डं पंच करणारा माणूस.
अशोक चौकाच्या मागं, चौतीस वर्षं.
पुठ्ठ्याला भोक असलं तर धागा वर,
नसलं तर खाली.
एक भोक चुकलं की मोराची मान
हजार चादरींवर मोडते.
म्हणून अर्जही मी सावकाश लिहितो.

आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी,
तेही रात्री दोनला.
शेजारची पेंटम्मा बिड्यांचं सूप बाजूला सारून
घागरी मांडते. नळ खोकतो,
परत खोकतो, गप्प होतो.
त्याच वेळी चावीच्या खड्ड्यापाशी
आपल्याच पक्षाच्या नगरसेवकांच्या भाच्याचा टँकर
पोटभर पीत उभा असतो.
चावीवाला दुसरीकडं बघत तंबाखू मळतो.
सकाळी तेच पाणी आम्हाला विकत,
टँकरवर नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो
आणि खाली, जलसेवा.

तारखा सोबत जोडल्या आहेत, टँकरचा नंबरही.
पेंटम्माला लिहिता येत नाही. तिनं
बिडीच्या पानांवर नखानं रेघा ओढल्या,
एका टँकरला एक रेघ.
ती पानं पाकिटात आहेत, पुरावा म्हणून.
कृपया ओढू नयेत.

पहिल्या अर्जाला आवक क्रमांक मिळाला.
दुसऱ्याला शिपाई म्हणाला, शिक्का वाळलाय.
तिसऱ्याला उत्तर आलं!
सगळी गल्ली आमच्या पायरीवर.
मी मराठीत वाचलं, तेलुगूत सांगितलं,
कोपऱ्यावरच्या शरणव्वासाठी कुणीतरी कन्नडात.
"आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव
संबंधित नगरसेवकांकडे वर्ग करण्यात आला आहे."
तिन्ही भाषांत अर्थ एकच निघाला.

मग ते स्वतः आले. चप्पल बाहेर काढून,
खिशात माझाच अर्ज, घडीसुद्धा मीच घातलेली.
"बोड्डू मामा, काय अक्षर हो तुमचं!
वाढदिवसाचं मानपत्र तुम्हीच लिहायचं."
बायकोनं निव्वळ दुधाचा चहा दिला.
ते म्हणाले, केवढा पाहुणचार.
घरात पाणी नव्हतं, हे मी
बोललो नाही.

आता मूळ विषय.
मी ते मानपत्र लिहिलं, साहेब.
'जलदाता' शब्द त्यांनी सुचवला नव्हता,
माझाच.
'ज'चा काना असा सरळ उतरला
की मीच जरा वेळ बघत बसलो.
समारंभात त्यांच्या खांद्यावर जी चादर पडली
तिच्या मोराची कार्डंही माझीच होती.
त्या आठवड्यात रात्री दोनला
आमचा नळ चाळीस मिनिटं चालला.
भिंतीपलीकडं पेंटम्माचा खोकत होता.
मी बादली हळू ठेवत होतो,
आवाज होऊ नये म्हणून.

चौथा, पाचवा, सहावा अर्ज लिहिले,
पेटीत आहेत.
त्यांत फक्त त्यांची नावं होती.
कार्डात चुकीचं भोक पडलं तर
आम्ही कागदाची टिकली डकवून बुजवायचो.
ते तीन अर्ज तसे झाले होते.

सबब विनंती की
टँकरची चौकशी व्हावी,
चावीवाल्याला रात्री दोनला कोण फोन करतं ते बघावं,
आणि मानपत्र लिहिणाऱ्याचंही नाव
यादीत घ्यावं. पत्ता खाली दिला आहे.
हा अर्ज परत त्यांच्याकडेच वर्ग झाला
तर होऊ दे.
या वेळी चहा बिनदुधाचा मिळेल,
किंवा मिळणारच नाही.

आपला,
लक्ष्मीनारायण राजय्या बोड्डू
('विश्वासू' मुद्दाम लिहिलेलं नाही.)

ता. क.
काम झाल्यावर पेंटम्माची पानं परत पाठवावीत.
कारखान्यात पानं वजनावर मिळतात,
कमी भरली की
तिच्या मजुरीतून कापतात.